मणक्याचा क्षयरोग आणि संदर्भांची मोजदाद

प्रश्न : माझी सून बडोद्यात अस्थिरोग विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. पाठीच्या कण्याच्या क्षयरोगावरील ज्या शोधनिबंधांचा सर्वाधिक वेळा संदर्भ दिला गेला, अशा शंभर निबंधांचे विश्लेषण तिला करावयाचे आहे. नुसत्या मोजदादीने काय हाती लागते, हे मला उमगत नाही. माझ्या थोरल्या भावाला लहानपणी हाच आजार झाला होता आणि तो कित्येक महिने प्लास्टरमध्ये उताणा पडून होता, म्हणून विचारतो : ज्या निबंधाचे संदर्भ जास्त, त्यातला उपचार अधिक बरोबर असे मानावे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तसे मानू नये. शोधनिबंधांचा माग त्यांच्या संदर्भांवरून काढावा, ही कल्पना अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. अशा मोजणीतून एवढेच कळते, की नंतरच्या किती लेखकांना त्या निबंधाचे नाव घ्यावेसे वाटले. कुणी ते आधारासाठी घेतो, कुणी खोडून काढण्यासाठी, तर कुणी केवळ रिवाज म्हणून.

आपल्या भावाच्या प्लास्टरचाच धागा धरू. त्या काळी विश्रांती हा उपचाराचा पाया समजला जाई. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या कार्यगटाने दक्षिण कोरियात याची रीतसर परीक्षा घेतली. मासान येथे काही रुग्णांना सहा महिने रुग्णालयात अंथरुणावर ठेवले आणि बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून हिंडूफिरू दिले. पुसान येथे काहींना नऊ महिने प्लास्टरचे जाकीट घातले, बाकीच्यांना घातले नाही. क्षयरोगाची औषधे मात्र सर्वांना दिली. १९७३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाले, तेव्हा अंथरुणाने किंवा जाकिटाने रुग्णांचा काही विशेष फायदा झाल्याचे दिसले नाही. असंख्य मुलांची पलंगापासून सुटका करणारा हा निष्कर्ष मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. पण आज डॉक्टर रुग्णाला औषधे देऊन घरी पाठवतात, तेव्हा मासानचे नाव कुणी घेत नाही. जे ज्ञान सर्वांच्या अंगवळणी पडते त्याचा संदर्भ देणे थांबते आणि मोजणीत ते मागे पडते. इंग्रज शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी या रोगाने येणाऱ्या पांगळेपणाचे वर्णन १७७९ मध्ये केले. आजही वॉर्डात ‘पॉट्स स्पाइन’ हा शब्द रोज उच्चारला जातो, पण मूळ लिखाण संदर्भसूचीत क्वचितच दिसते.

उलट बाजूही पाहावी. हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ मध्ये, आणि पुढे १९६० मध्ये अधिक विस्ताराने, पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया करून रोगट भाग काढून टाकण्याची व तेथे हाड बसवण्याची पद्धत मांडली. वाराणसीच्या डॉ. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्ग’ सांगितला : औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया गरज असेल त्यालाच. दोन्ही निबंध या विषयातले पायाभूत, पण त्यांची दिशा वेगळी. शस्त्रक्रियेचा पुरस्कर्ता हॉजसन यांचे नाव घेतो आणि तिला मर्यादा घालू पाहणाराही घेतो. मोजणीत दोघांचा उल्लेख एकसारखाच धरला जातो.

आपल्या सूनबाईंना काही व्यावहारिक गोष्टी सांगाव्याशा वाटतात. हा रोग पॉट्स डिसीज, स्पायनल ट्यूबरक्युलोसिस, ट्यूबरक्युलस स्पॉन्डिलायटिस अशा अनेक नावांनी लिहिला जातो, तेव्हा एकाच नावाने शोध घेतल्यास महत्त्वाचे निबंध निसटतील. वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गुगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या संगणकीय साठ्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे कोणत्या साठ्यात कोणत्या तारखेला शोधले याची नोंद हवी. जुन्या निबंधाला संदर्भ जमवायला अधिक वर्षे मिळालेली असतात, म्हणून दरवर्षीची सरासरीही काढावी. शिवाय वरील कार्यगटाने आपले काम अनेक अहवालांत प्रसिद्ध केल्यामुळे त्याचे संदर्भ विखुरले आहेत. ते सारे अहवाल एकत्र धरूनही एकदा पाहावेत.

आणि तक्त्यात एक रकाना ‘कोणते रुग्ण वगळले’ असा जरूर ठेवावा. पांगळेपणामुळे ज्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतही चालता येत नव्हते, असे रुग्ण कोरियातल्या चाचण्यांत घेतलेच नव्हते. प्लास्टरमध्ये ठेवले तेव्हा आपल्या थोरल्या भावाला चालता येत होते का, हे घरात कुणाला आठवत असेल तर सूनबाईंना सांगावे. तो निष्कर्ष आपल्या भावाला लागू पडला असता की नाही, हे त्या आपल्याला समजावून सांगू शकतील.