म्युनिकमध्ये चार दिवस, आम्ही चौघं. युरेल पास घ्यावा की बायर्न तिकीट?

म्युनिकलाच मुक्काम ठेवून फ्युसेन, साल्झबुर्ग एवढंच बघायचं असेल तर युरेलच्या नादी लागू नका. युरोपातल्या अनेक देशांत चालणारा तो रेल्वे पास माणशी असतो. बायर्न तिकीट म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यातलं एका दिवसाचं रेल्वे तिकीट. ते एकच काढायचं, त्यावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही चालतं, शिवाय म्युनिकच्या मेट्रो-ट्रामही त्यातच. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतर लागू होतं, त्यामुळे समोर ८.५०ची गाडी उभी दिसली तरी मोह आवरा! आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या आणि एस-बान ही लोकल चालतात. छापील तिकिटावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात, पेन जवळ असू द्या.

पास परवडतो तो दर दोन दिवसांनी देश बदलणाऱ्यांना. तिथेही फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिजलद गाडीत आरक्षणाचे पैसे वेगळेच.