काजूच्या आकाराचा पेनड्राइव्ह घेण्याआधी तो कुठे लागणार ते बघा

ताई, प्रश्न दोनदा वाचला. काजू फॅक्टरीच्या डीलर मीटला दीडशे जणांना लोगोवाले पेनड्राइव्ह द्यायचेत, त्यातलेच उरलेले स्टाफ ट्रेनिंगला वापरायचेत, आणि सप्लायर म्हणतोय काजूच्या आकाराचा रबरी घ्या, १६ जीबीचा, स्वस्तात. आमच्या रत्नागिरीच्या कॅनिंग युनिटसाठी मी ही खरेदी चार-पाच वेळा केलीय आणि पहिल्या वेळी चांगलाच आपटलोय, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

ते काजू दिसायला गोड असतात हो, पण जाडे. लॅपटॉपला लावला की शेजारचा पोर्ट झाकला जातो, माणूस माऊस काढून तुमचा काजू लावणार नाही. लाकडी पण दाखवतील, एसी हॉलमध्ये मस्त दिसतो, पण आपल्याकडे मिरगानंतर लाकूड फुगतं, आमच्या काहींचं टोपण बसेना आणि काहींचं निघेना. साधा धातूचा घ्या, टोपण नसलेला, फिरणारा, आणि एका बाजूला टाइप सी असलेला. नवीन लॅपटॉपना बऱ्याचदा जुना मोठा पोर्टच नसतो, आणि डीलर मंडळी सगळं फोनवरच बघतात. काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह जोडायची सोय) चालू करावं लागतं तेवढं पाकिटावर छापा.

आता आपटल्याची गोष्ट. शंभर नग घेतले होते, १६ जीबीचे, दर बघून साहेब खूश. कॉम्प्युटरला लावला तर साईज बरोबर, म्हणजे १४.९ च्या आसपास (ते तसंच दिसतं, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, त्यावर भांडू नका). व्हिडिओ कॉपी झाले, नावं दिसतायत, आणि कार्यक्रमाच्या दिवशी अर्धे व्हिडिओ उघडेनात. आतली चिप फारच छोटी होती आणि कंट्रोलरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या भागाला, खोटं बोलायला शिकवलेलं होतं, जागा संपली की तो नुसतं झाली कॉपी म्हणतो. तेव्हापासून एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम वापरतो, तो पूर्ण ड्राइव्ह भरतो आणि परत वाचून बघतो. नमुन्याचा एक तपासून उपयोग नाही, नमुना नेहमी चांगलाच येतो. माल आल्यावर खोक्यातले मधले-मधले दहा तपासा आणि उरलेलं पेमेंट त्यानंतर, हे ऑर्डरवर लिहूनच घ्या.

आत डेटा भरून सप्लायरच देतो, घ्या ती सोय. स्वतः भरायचा म्हटलात तर स्वस्त यूएसबी २.० चा ड्राइव्ह लिहायला सेकंदाला पाच-सहा एमबी जेमतेम घेतो, २ जीबीला सहा-सात मिनिटं, दीडशेचा हिशोब करा, पंधरा ते सतरा तास एकेक बदलत बसायला लागेल. फक्त भरून आलेले अँटीव्हायरसमधून काढा, त्यांच्या कॉम्प्युटरवर काय काय वसलेलं असतं देव जाणे. दरपत्रक मात्र आत टाकू नका, आपला दर आठवडाभर टिकला तरी मिळवली, त्याऐवजी पाकिटावर क्यूआर द्या. बँकेतल्या आणि मोठ्या कंपनीतल्या लोकांकडे यूएसबी बंदच असतं, त्यांनाही तोच उपयोगी.

लावल्या लावल्या कंपनीचा व्हिडिओ आपोआप सुरू होईल असं कोणी सांगितलं तर हसा आणि पुढे जा. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हवरून तसं आपोआप काही चालत नाही, व्हायरस पसरायचे म्हणूनच ते बंद केलं.

ट्रेनिंगचं वेगळं. सोलणाऱ्या-ग्रेडिंगच्या बायकांना एकेक पेनड्राइव्ह देऊन काय करणार, घरी लावायला लॅपटॉप कुठे? सुपरवायझरना पाच-सहा चांगल्या ब्रँडचे ३२ जीबीचे, यूएसबी ३ वाले द्या, लोगो नसला तरी चालेल, आणि हॉलच्या टीव्हीवर दाखवा. बरेच टीव्ही एफएटी३२ फॉरमॅट (पेनड्राइव्हवर फाईली मांडायची एक जुनी पद्धत) बिनतक्रार वाचतात, त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून व्हिडिओ दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून एमपी४ मध्ये ठेवा. फाईलचं नाव मराठीत दिलंत तर काही टीव्हीवर नुसते चौकोन दिसतात, 01, 02 असे आकडे द्या. (आमच्या सुपरवायझरने चौकोन बघून टीव्ही बिघडला म्हणून दुकानदाराला फोन लावला होता.)

लोगोचं सांगायचं राहिलं. धातूवर लेझरने कोरून घ्या, छपाई हाताच्या घामाने पुसटते, पण लेझरमध्ये रंग येत नाहीत, तो हट्ट सोडावा लागेल. जागा दोन-अडीच सेंटिमीटर, त्यात फॅक्टरीचं पूर्ण मराठी नाव कोंबलं की रफार आणि वेलांट्या बुजतात, नुसतं चिन्ह आणि एक शब्द पुरे. प्रूफ, म्हणजे कोरण्याआधी दाखवतात तो लोगोचा नमुना, स्क्रीनवर मोठं करून बघू नका, खऱ्या साईजमध्ये प्रिंट काढून बघा.

आणि मीट चतुर्थीनंतर असेल तर ऑर्डर चतुर्थीच्या महिनाभर आधीच टाका, त्या दिवसांत मुंबईहून कुरिअर निघालं तरी आपल्याकडे घ्यायला दुकानात कोण असतंय.