वाचक विचारतात : राणीच्या धर्मांतराला ग्रंथपाल कशासाठी?

प्रश्न : स्वीडनची राणी क्रिस्टिना हिने १६५५ मध्ये कॅथलिक पंथ जाहीरपणे स्वीकारला, तेव्हा पोपने कार्डिनलऐवजी (म्हणजे चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याऐवजी) एका ग्रंथपालाला का पाठवले?

उत्तर : तो ग्रंथपाल म्हणजे लुकास होल्स्टेनियस. १५९६ मध्ये हॅम्बुर्गच्या लुथरपंथी (प्रोटेस्टंट) वातावरणात जन्मलेल्या आणि लायडन येथे शिकलेल्या या विद्वानाने प्राचीन भूगोलाच्या ओढीने इटली व सिसिली पालथी घातली, पुढे पॅरिसमध्ये स्वतः कॅथलिक पंथ स्वीकारला आणि १६२७ मध्ये कार्डिनल फ्रान्सेस्को बार्बेरिनी यांच्या आश्रयाने रोम गाठले. आधी बार्बेरिनींचा ग्रंथसंग्रह आणि १६५३ पासून व्हॅटिकनचे ग्रंथालय त्याच्या हाती होते. क्रिस्टिना ही लुथरपंथाच्या कैवारी राजाची, गुस्ताव अडॉल्फची, विदुषी कन्या. तिच्यासमोर त्याच वाटेने आलेला ग्रीक भाषेचा पंडित उभा करण्यात सातव्या अलेक्झांडर पोपची चतुराई दिसते, असे आम्हांस वाटते. क्रिस्टिनाने त्याआधीच ब्रुसेल्समध्ये गुप्तपणे पंथ बदलला होता. ३ नोव्हेंबर रोजी इन्सब्रुकच्या चर्चमध्ये होल्स्टेनियससमोर तिने त्याची जाहीर कबुली दिली.

मात्र होल्स्टेनियसवर रोमची मर्जी सर्वकाळ नव्हती. पोपच्या कचेरीतील जुन्या पत्रनमुन्यांचा ‘लिबेर डिउर्नुस’ हा संग्रह त्याने छापून घेतला, पण त्यात सातव्या शतकातील पोप होनोरिउसचा निषेध करणारा मजकूर असल्याने ती आवृत्ती अडवण्यात आली. १६६१ मध्ये तो रोममध्येच वारला. आपल्या ग्रंथांपैकी काही त्याने मृत्युपत्राद्वारे हॅम्बुर्गला दिले.