सोसायटीतली मांजरं वाढतच चालली आहेत, खायला घालणं बंद करावं का?

तुम्ही लिहिलंय की पार्किंगमध्ये चौदा मांजरं आहेत, तुम्ही चौघंजण आळीपाळीने खायला घालता, तरी पिल्लं होतच राहतात आणि कमिटी म्हणते पोत्यात भरून लांब सोडून या. खाणं बंद करू नका. ठरलेल्या वेळी भुकेलं मांजर ठरलेल्या जागी येतं, म्हणून तर ते पकडता येतं. चूक खायला घालण्यात नाही, नसबंदीशिवाय खायला घालण्यात आहे.

लांब सोडण्याचा विषय आधी संपवा. कचराकुंडी, उंदीर आणि आडोसा जागच्या जागी राहिले की शेजारच्या गल्लीतली मांजरं येऊन बसतात, आणि त्यांची नसबंदी झालेली नसते. शिवाय जनावर उपासमारीने हाल होतील असं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालायची जागा ठरवायची जबाबदारी सोसायटीवर टाकलेली आहे: जिने, ये-जा करायची दारं आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर. कमिटीला या दोन्ही गोष्टी लेखी द्या.

मग एक वही करा. आठवडाभर प्रत्येक मांजराचे दोन्ही बाजूंनी फोटो, शेपटी, नाकावरचा डाग, आणि कान. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते.

सुरुवात माद्यांपासून. भाटी चार महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. दहा बोक्यांची नसबंदी केली आणि एक बोका व दोन भाट्या राहिल्या, तर पिल्लांच्या संख्येत काही फरक पडत नाही. बोक्यांचं नंतर करायचंच, कारण मारामाऱ्या आणि मुताचा उग्र वास त्यानेच कमी होतो. पण लगेच नाही, काही आठवडे जातात. कमिटीला हे आधीच सांगून ठेवा.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्याशिवाय पिंजरा लावू नका. पिंजरा दार पडणारा, जाळीचा, साधारण तीन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच. चार दिवस त्याचं दार बांधून उघडं ठेवा आणि रोजचं खाणं आतच द्या. पकडायच्या दिवशी कोणीच खायला घालायचं नाही. वॉचमनला आणि तिसऱ्या मजल्यावरून चपातीचे तुकडे टाकणाऱ्या आजींनाही सांगा, बहुतेक बेत इथेच फसतात. तळाला वर्तमानपत्राची घडी घालून कडा चिकटवा. पायाखाली जाळी लागली की मांजर मागे फिरतं, आणि कागद फडफडला तरी पळतं. तळलेला बांगडा किंवा सुकट दाराशी चिमूटभर आणि बाकीची पिंजऱ्यातल्या पट्टीच्या (जिच्यावर पाय पडला की दार पडतं) पलीकडे, अगदी टोकाला. पट्टीच्या अलीकडे ठेवली तर मांजर मान लांबवून खाऊन जातं. पिंजरा सपाट जागी ठेवा, डगमगला तर ते पुन्हा त्याच्या वाटेलाही जाणार नाही.

दार पडलं की त्याच क्षणी जाड चादर टाका. उघड्यावर मांजर जाळीवर धडका देऊन नाक फोडून घेतं. अंधार झाला की मिनिटभरात शांत होतं. पोट बघा: सडांभोवतीचे केस गेलेले आणि सड गुलाबी दिसले तर पिल्लं पाजणारी आहे. पिल्लं लहान असली तर तिला सोडून द्या, पिल्लं स्वतः खायला लागल्यावर सगळ्यांना एकत्र पकडा. हात आत कधीच घालू नका. चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी थेट दवाखाना गाठा.

शस्त्रक्रियेनंतर बोका साधारण एक दिवस आणि भाटी दोन-तीन दिवस बंद, कोरड्या खोलीत ठेवावी. नक्की किती ते डॉक्टर सांगतील. भुलीत अंग गार पडतं, म्हणून खाली टॉवेल अंथरा आणि पंखा बंद ठेवा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खायला देऊ नका, ठसका लागतो. सोडताना जिथून पकडलं तिथेच सोडा. शस्त्रक्रियेच्या वेळीच रेबीजची लस मागून घ्या.

रोजच्या खाण्याला मोठ्या मांजरामागे ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाणं पुरतं. वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवली की मुंग्या लागत नाहीत. अर्ध्या तासाने उरलेलं उचला आणि फरशी पुसा, पण फिनेलने नाही, ते मांजरांना विषारी आहे. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात. आजारी मांजराला पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, आणि दयेपोटी नेमकी तीच दिली जाते.

पावसाळ्यात प्लास्टिकचा क्रेट विटांवर ठेवून आत पेंढा घाला, जुनी साडी नको. कापड ओल धरून ठेवतं.

सगळी झाल्यावरही वही बंद करू नका. नवं मांजर दिसलं की आधी कान बघा, टोक शाबूत असेल तर त्याच आठवड्यात तारीख घ्या.