कॅरिबियनमधला बेट-देश बार्बाडोस १९६६ साली स्वतंत्र झाला असेल, तर २०२१ मध्ये नेमकं काय झालं?

स्वातंत्र्य १९६६चंच. ३० नोव्हेंबर १९६६ला ब्रिटिश झेंडा उतरला आणि एरॉल बॅरो पहिले पंतप्रधान झाले. पण राष्ट्रप्रमुख म्हणून राणी एलिझाबेथच राहिली, आणि तिच्या वतीने सही करायला राजधानी ब्रिजटाउनमध्ये गव्हर्नर जनरल. २०२१च्या ३० नोव्हेंबरला ती व्यवस्था संपली आणि देश प्रजासत्ताक झाला. गंमत म्हणजे माणूससुद्धा बदलला नाही. आदल्या दिवसापर्यंत गव्हर्नर जनरल असलेल्या डेम सँड्रा मेसन यांनीच पहिल्या राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. प्रिन्स चार्ल्स समोर बसले होते, आणि त्याच रात्री गायिका रिहानाला ‘राष्ट्रीय वीर’ हा किताबही जाहीर झाला. गॅरी सोबर्सना तो आधीच मिळालेला होता.

तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. आपल्याकडे हा मधला टप्पा इतका लहान होता, की शाळेतही तो एका वाक्यात उरकतात. १५ ऑगस्ट १९४७पासून २६ जानेवारी १९५०पर्यंत आपणही ‘डोमिनियन’ होतो. कागदोपत्री सहावा जॉर्ज आपला राजा, आणि आधी माउंटबॅटन व मग राजगोपालाचारी त्याचे गव्हर्नर जनरल. आपण जे अडीच वर्षांत उरकलं, त्याला बार्बाडोसने ५५ वर्षं घेतली.

इतका उशीर का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आसपासची बेटं फ्रेंच, डच, स्पॅनिश, इंग्रज असे मालक बदलत राहिली. बार्बाडोस मात्र १६२७ला इंग्रज वसाहतवाले उतरल्यापासून थेट स्वातंत्र्यापर्यंत एकाच सत्तेखाली होता. ‘लिटल इंग्लंड’ हे नाव त्याला उगीच पडलेलं नाही. इथली प्रतिनिधी सभा १६३९ची, राष्ट्रकुलातल्या सर्वांत जुन्या संसदांपैकी एक. पर्यटकांना हे अभिमानाने सांगतात, पण ती सभा होती कुणाची? जमीनदार मळेवाल्यांची. १६४०च्या दशकात ऊस आला, साखरेने मळेवाले गब्बर झाले आणि मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. १६६१चा गुलामांविषयीचा कायदा याच सभेने केला. माणसाला मालमत्ता ठरवणारा तो कायदा पुढे इतर इंग्रज वसाहतींनी नमुना म्हणून वापरला. १८१६च्या ईस्टरला बुसा या गुलामाच्या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला, तो चिरडला गेला. १८३४ला गुलामगिरी कायद्याने संपली, पण ‘उमेदवारी’च्या, म्हणजे शिकाऊ कामगारीच्या, नावाखाली फुकट राबणं आणखी चार वर्षं चाललं. भरपाई मिळाली ती मालकांना. साऱ्या साम्राज्यातल्या मालकांना मिळून दोन कोटी पौंड. राबणाऱ्यांना छदामही नाही.

त्यानंतरही मत देण्याचा हक्क मालमत्तेलाच बांधलेला होता. १९३७ला क्लेमंट पेन या कामगार पुढाऱ्याला त्रिनिदादला हद्दपार केलं, तेव्हा दंगली उसळल्या. त्याचा खटला लढवणारे वकील ग्रँटली ॲडम्स पुढे लेबर पार्टीचे नेते झाले. सर्व प्रौढांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९५०च्या कायद्याने आणि त्यानुसार पहिली निवडणूक झाली १९५१ला. मला विचाराल तर या देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी तारीख १९५१ची आहे. १९६६ आणि २०२१ त्यामागून येतात. तीनशे वर्षं जुनी संसद त्या वर्षी पहिल्यांदा लोकांची झाली.

मध्ये १९५८ ते १९६२ वेस्ट इंडीजचा एक संघही झाला होता. ॲडम्सच त्याचे पंतप्रधान. जमैकाने सार्वमत घेऊन बाहेरची वाट धरली, पाठोपाठ त्रिनिदाद गेलं आणि संघ कोसळला. आज ‘वेस्ट इंडीज’ एकत्र दिसतं ते मुख्यतः क्रिकेटच्या मैदानावर.

आता राज्यकारभाराचं. रचना आपल्याला ओळखीची वाटेल. प्रतिनिधी सभेत ३० निवडून आलेले सदस्य, सिनेटमध्ये २१ नेमलेले, सत्ता पंतप्रधानांच्या हाती. राष्ट्राध्यक्षांना संसदेची दोन्ही सभागृहं निवडतात आणि मुदत चार वर्षांची. देश जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचा. अकरा ‘पॅरिश’, म्हणजे विभाग, आहेत, पण त्यांना निवडून आलेली परिषद नाही, राजधानीला महापौरही नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक आमदारकीपेक्षा चुरशीने लढवणाऱ्या आपल्याला हे विचित्र वाटतं.

प्रजासत्ताकाची शिफारस तिथल्या घटना आयोगाने १९९८लाच केली होती. पण सरकारं टाळत राहिली. २०१८ला मिया मोटली यांच्या पक्षाने तीसच्या तीस जागा जिंकल्या, त्या पंतप्रधान झाल्या आणि अडचण संपली. तिथल्या घटनेप्रमाणे या बदलाला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, सार्वमत लागत नाही. शेजारच्या सेंट व्हिन्सेंटला ते लागतं आणि तिथे २००९ला लोकांनी असा प्रस्ताव फेटाळून लावला. बार्बाडोसचं अंतिम अपिलाचं न्यायालय तर २००५पासूनच लंडनची प्रिव्ही कौन्सिल नसून कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिस आहे. राष्ट्रकुलातून मात्र तो बाहेर पडलेला नाही, जसे आपण पडलो नाही.

जनतेला न विचारता केलं, ही टीका झाली आणि मला ती रास्त वाटते. शिवाय क्रमही उलटा. आपण आधी घटना लिहिली आणि मग प्रजासत्ताक झालो. त्यांनी १९६६चीच घटना राणीला वगळून पुढे चालू ठेवली आणि नव्या घटनेच्या विचारासाठी आयोग नेमला २०२२ला.