‘तिकडे सरकार पैसे देतं ना?’

ताई, मँचेस्टरची ऑफर आलीय, मुलगा सहा वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे आणि इंग्लंडमध्ये सरकार अशा मुलांसाठी घरी पैसे देतं ना, असं तुम्ही विचारलंय. देतं. पण सुरुवातीला तुम्हाला नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ‘नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स’ अशी अट असते, म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, आणि अशा मुलांसाठीचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे डीएलए, त्यातच मोडतो. सांभाळणाऱ्याला मिळणारा केअरर्स अलाउन्ससुद्धा. दर आणि फी सरकारी वेबसाइटवर आहेत, ते लिहीत बसत नाही. आम्ही आलो तेव्हा आयएलआरला, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीला, पाच वर्षं लागायची. ती मिळेपर्यंत घरखर्चात हा पैसा धरूच नका.

शाळेला मात्र ही अट लागत नाही. ईएचसी प्लॅन म्हणजे मुलाला कोणती खास मदत द्यायची ते बांधून देणारा कायदेशीर कागद; त्यासाठी पालक स्वतः कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, अर्ज करू शकतात, निदानाचा कागद हातात नसला तरी. मला हे कुणी सांगितलं नाही. शाळा म्हणाली, थांबूया, रुळेल तो. बाईंपुढे मान डोलवायची आपली सवय. वर्ष गेलं. कायद्याने २० आठवड्यांत प्लॅन यायला हवा, आमचा अकरा महिन्यांनी आला. त्यात स्पीच थेरपीपुढे काय, तर ‘गरजेनुसार उपलब्ध राहील’. आठवड्याला किती वेळ, कोण देणार, काही नाही. मी आपली आनंदाने ‘चालेल’ कळवून मोकळी! सेक्शन एफ, म्हणजे प्लॅनमधला मदतीचा भाग, त्यातलं प्रत्येक वाक्य तासांत लिहून घ्या. मसुदा आला की हरकत घ्यायला १५ दिवस असतात, आणि पुढे कौन्सिलविरुद्ध ट्रायब्युनलकडे अपील करायला फी नाही. हे कळेपर्यंत मुलाला आठवं संपत आलं होतं. त्या दोन वर्षांचा राग अजून जात नाही. शाळेवर आहे की माझ्यावर, तेही ठरत नाही.

एकटेपणाचंही विचारलंत. असतो. सवय होते.

आयएलआरनंतर डीएलएचा फॉर्म भरला. मुलाला काय येत नाही, रात्री किती वेळा उठावं लागतं, कपडे घालायला किती मिनिटं लागतात, सगळं लिहायचं. सासरी, सोसायटीत, सगळीकडे ‘करेल हो हळूहळू’ म्हणत आलेली मी. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, ‘तू त्याचं कौतुकच लिहिलंयस.’ मग खरं लिहिलं. तो शेजारीच डब्यांची झाकणं ओळीने लावत बसला होता. पैसे मंजूर झाले. त्या फॉर्मची झेरॉक्स मी पुन्हा उघडलेली नाही.

केअरर्स अलाउन्सला आठवड्याचे ३५ तास सांभाळ दाखवावा लागतो. माझे मंगळवारी दुपारच्या आतच भरतात.

एक गोष्ट मात्र पहिल्याच महिन्यात करा. कौन्सिलच्या सोशल केअरकडे १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या सेक्शन १७ खाली मुलाच्या गरजांचं मूल्यमापन मागा. त्यातून मिळणारी मदत पब्लिक फंड्समध्ये येत नाही. आम्हाला त्यातून शनिवारचे तीन तास मिळाले, एक बाई त्याला पोहायला नेते. पहिल्या शनिवारी मी घर आवरलं नाही की झोपले नाही, सांगलीला सासूबाईंना फोन लावला. तिकडे रोज संध्याकाळी त्या त्याला ओट्यावर चुरमुरे देऊन बसवायच्या, तास दोन तास, कुठल्याही फॉर्मशिवाय. त्यांनी एवढंच विचारलं, ‘ती बाई त्याला नीट खायला घालते ना गं?’

तुमच्याकडे संध्याकाळी त्याला कोण बघतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही.