गुळवेलीचा काढा घेण्याआधी

भाऊ, किडनी बसवून गावी परतलात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कडुनिंबावरची गुळवेल तोडून आणेल. 'प्रतिकारशक्ती वाढते,' म्हणेल. माया खरी असते, पण काढा घेऊ नका. आपली टॅक्रोलिमसची गोळी तीच शक्ती दाबून ठेवते, नाहीतर शरीर नव्या किडनीवर उलटतं. अश्वगंधा आणि बाजारातल्या 'इम्युनिटी' पावडरींनाही हेच लागू.

दुसरा धोका दिसत नाही. टॅक्रोलिमस आणि त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन ही औषधं यकृतात आणि आतड्यात मोडतात. काही वनस्पती ते मोडणं वाढवतात, काही अडवतात. सेंट जॉन्स वॉर्ट या विदेशी वनस्पतीमुळे रक्तातलं सायक्लोस्पोरिन घटलं आणि दोन रुग्णांचं बसवलेलं हृदय शरीर नाकारू लागलं, हे 2000 साली झुरिकच्या डॉक्टरांनी मांडलं. उलट ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस औषधाची पातळी वाढवतात, मग हात थरथरतात, किडनीलाच इजा होते. भाजीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल नकोत. नागपुरी संत्र्याचं विचाराल तर आधी पोटॅशियमचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

अॅसिडिटीचं पातळ औषधही मायकोफेनोलेटसोबत, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या गोळीसोबत, घेऊ नका, ती गोळी कमी शोषली जाते.

आधीच काही घेतलं असेल तर लपवू नका, डबा घेऊनच दवाखान्यात जा. तपासणीच्या दिवशी सकाळची टॅक्रोलिमस रक्त दिल्यावरच घ्यायची. पहाटेच्या एसटीने नागपूरला निघाल तेव्हा गोळी खिशात असू द्या.